वाळूतलं शेवटचं शेत

जर्मनी म्हणजे सगळं हिरवंगार, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. त्यामुळे र्युसेल्सहाइम या मोटारींच्या कारखान्याच्या शहराहून अर्ध्या तासावरच्या त्या गावात गाडीतून उतरलो आणि पाय थेट वाळूत रुतला, तेव्हा मला धक्काच बसला. आमच्या माणदेशातली वाटावी अशी भुसभुशीत वाळू! माझी मुलगी केतकी तिथे मोटारींची इंजिनिअर आहे. तिने या गावात घरासाठी प्लॉट घेतला होता आणि मी म्हसवडहून आलो होतो तो भूमिपूजनाला. नारळ फ्रँकफर्टच्या भारतीय दुकानात मिळाला.

प्लॉट दाखवण्याआधी केतकीने मला कोपऱ्यावरच्या ओट्टोंकडे नेलं. ऐंशी ओलांडलेले शेतकरी. कॉफी पिताना ते बोलत होते, केतकी मराठीत सांगत होती. त्यांच्या लहानपणी वारा सुटला की उंबऱ्यावर वाळूचा ढीग साचायचा. राय (गव्हासारखं काटक धान्य) आणि बटाटे, एवढंच पिकायचं. मग पंप आले, श्पार्गेल (वाळूत वाढणारी, शतावरीच्या जातीची भाजी) आली, शेवटी कारखान्यांतली माणसं राहायला आली. आता खिडकीबाहेर ट्राम, सोलर पॅनेल, काचेची शाळा. ओट्टोंच्या गोठ्यात पाळणाघर भरतं! एका माणसाच्या आयुष्यात एवढं सगळं बदलावं, हे मला खरंच वाटेना.

केतकीला ऑफिसचा फोन आला. मी नव्या स्मार्टफोनवर फोटो काढत मागच्या शेतात शिरलो. वरंब्यांवर श्पार्गेलचे कोंब तरारलेले आणि काढायला कोणी नाही. डोळ्यांदेखत माल वाया गेलेला मला बघवत नाही. दहा-बारा कोंब मोडले आणि ऐटीत ओट्टोंपुढे नेऊन ठेवले.

त्यांचा चेहराच उतरला. केतकी ओशाळून म्हणाली की जून सरत आला की इथे कोणी कोंब काढत नाही. ते वाढू देतात, म्हणजे मुळं पुढच्या वर्षासाठी जोर धरतात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सावरायचं म्हणून विचारलं, पुढच्या वर्षी पीक चांगलं येईल ना?

केतकीने हे जर्मनमध्ये सांगितलंच नाही. ती हळूच म्हणाली, "बाबा, हाच आपला प्लॉट आहे. त्यांचं शेवटचं शेत. ऑक्टोबरात इथे खोदाई सुरू होईल."

मी हादरलो. मग मुळांना ही विश्रांती कशासाठी, हे मात्र मी तिला विचारायलाच लावलं.

"आल्झो (असं बघा)..." ओट्टो कोंबांकडे बघत बोलले आणि केतकीने सांगितलं, "दरवर्षी दिली, यंदाही द्यायची. मुळांना थोडंच माहीत आहे, मी शेत विकलंय ते."

पिशवीतला नारळ बाहेर काढला, पण फोडायला हात उठेना. तो मी ओट्टोंच्या हातात ठेवला आणि वाकून नमस्कार केला. त्यांनी नारळ कानाशी नेऊन हलवला, आतलं पाणी ऐकलं आणि मान डोलावली. केतकी डोळे पुसत होती.

वाळूतून उभं राहिलेलं गाव बघून आलो, असं मी म्हसवडला सगळ्यांना कौतुकाने सांगतो. पण परतलो त्या दिवशी बायकोने दारातच विचारलं होतं, "अहो, नारळ नीट फुटला ना?"

"फोडला नाही," मी म्हटलं. "ज्याची जमीन, त्याला देऊन आलो."