मनगटावरची राखी

आईच्या खुब्याचं हाड मोडलं आणि जिना तिचा वैरी झाला. आम्ही वर राहतो, संडास खाली. खालच्या दोन खोल्यांत भाडेकरू. म्हातारी रोज बसल्या बसल्या एकेक पायरी घसरत उतरायची.

खोल्या मागितल्या की भाडेकरू दात काढायचा. "काय साळेबुवा, जावयाले घरातून कोणी काढते का?"

आता याला काय म्हणावं! चूक माझीच. त्याच्या बायकोला भाऊ नाही म्हणून पहिल्याच वर्षी मी तिच्याकडून राखी बांधून घेतली. बहिणीशी कसला करारनामा, म्हणून कागदही केला नाही. दिवाळीला सोडतो, पोरीची परीक्षा झाली की सोडतो, असं करत गडी ठाण मांडून बसला.

शेवटी शिरपूरहून मालेगावला वकील गाठला. ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून मान खाली घालूनच बसलो. घराची गरज दाखवू, डॉक्टरचे कागद लावू, आधी नोटीस देऊ, असं सांगता सांगता वकील थांबले.

"ही राखी कोणाची?"

"तिचीच."

टाइप करणारा माणूससुद्धा वळून बघायला लागला.

"अहो, सोडा ती आधी. उद्या ते म्हणतील, आमी भाडेकरू नाहीच, घरचेच हाओ!"

आमच्यात पोळ्यापर्यंत राखी उतरवत नाहीत. मी तिथंच दातानं गाठ तोडली. शरमेनं मेल्यासारखं झालं, पण नोटीस काढायला सांगितली.

घरी आलो तर आई जिन्यात मधेच अडकलेली आणि माझी ती राखीची बहीण खालून तिला धरून, घामाघूम.

"दादा, धर लवकर!"

दोघांनी मिळून आईला खाली आणलं. मग बहिणीचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं.

"अगं माय, राखी कुठी गेली?"

"तुटली असन वावरात," मी ठोकून दिलं. राखी खिशातच होती.

"पोळा कुठी झाला अजून!" म्हणत तिनं घरातून लाल दोरा आणून बांधला. मी निर्लज्जासारखा हात पुढे केला.

दोन दिवसांनी पोस्टमन आला. नवरा घरी नव्हता. तिनं मलाच हाक मारली, "दादा, इंग्रजीत हाय, वाचून सांग न."

मी वाचून सांगितलं. नवऱ्याशी भांडून तिनंच त्या महिन्यात सामान हलवलं.

आईची खाट खाली आणली तेव्हा म्हातारीनं दोन्ही खोल्या नीट बघून घेतल्या.

"एकच खोली मागतली असती त तिनं मले ठेवून घेतलं असतं न रे," ती म्हणाली. "तिले इचारलं तरी होतं का तू?"

मी प्रत्येक वेळी नवऱ्यालाच विचारत आलो होतो.