गुरूवरचा निळा उजेड

तायडे मॅडम स्टाफरूममध्ये चहासुद्धा येरझारा घालत प्यायच्या. अकोल्याच्या आमच्या शाळेत त्या विज्ञान शिकवत, मी मराठी. "मॅडम, जरा बसा की," म्हटलं की उत्तर ठरलेलं, "बसून काय अंडे उबवू?"

त्यांच्या जिवाला एक घोर लागला होता, आणि तो चक्क गुरू ग्रहाचा होता. दहावीच्या एका वर्गाला त्यांनी गुरूच्या ध्रुवांवर झळकणाऱ्या प्रकाशाचा फोटो दाखवला आणि ठासून सांगितलं, "तिथं गेलं तं असाच निळा दिसते." पुढे वाचनात आलं, की तो फोटो अतिनील किरणांचा. माणसाच्या डोळ्याला ते दिसतच नाहीत. निळा रंग आपल्या सोयीसाठी शास्त्रज्ञांनी भरलेला. तोवर तो वर्ग पांगला होता.

"जाऊ द्या ना," मी म्हटलं. मॅडम उसळल्या.

"काहून जाऊ देऊ? पोरं काय गुरूवर जाऊन पायनार हायेत? मी सांगतलं थेच त्याईनं पायलं!"

मग शोधाशोध सुरू झाली. कुणाला फोन, कुणाला अमरावतीच्या बाजारात गाठणं. एका मुलीच्या लग्नात तर स्टेजवर चढून नवरीच्या कानाशी लागल्या, "थो निळा रंग खरा नाही बरं माय!" नवरी फोटोत खदखदून हसताना आली आहे. मला या बाईंचा वैताग यायचा आणि हेवाही वाटायचा.

राहिली फक्त मनीषा. मॅडमची निवृत्ती तोंडावर आली होती, त्यांना झोप लागेना. ती परतवाड्यात कापडाच्या दुकानात असते असं कळलं, तशा मला ओढतच घेऊन निघाल्या.

जाड भिंगांचा चष्मा घातलेली मनीषा त्यांना पाहून हरखली. मॅडमनी दम न घेता सगळं सांगून टाकलं. ती हसली.

"मॅडम, मले थो फोटो दिसलाच नव्हता. मांगच्या बाकावरून फळासुद्धा दिसे नाही. चष्मा तं लग्नानंतर लागला."

"मंग तवा सांगतलं काहून नाही वं?"

"मले वाटे, सगळ्याइले असंच दिसते."

मॅडम तिच्या चष्म्याकडे पाहत राहिल्या. तिने चहाचा आग्रह केला, पण त्या थांबल्या नाहीत.

परतीच्या जीपमध्ये मी समजूत घालायला गेले, चला, हिच्यापुरती तरी चूक झालीच नव्हती म्हणायची.

"चुकीचं सांगतलं थे निस्तरता येते बाई," मॅडम म्हणाल्या. "पन वर्षभर पोरगी समोर बसली अन् मले दिसली नाही. थे कोनाले जाऊन सांगू?"