अर्धा कोयता

दाजींचा फोन आला तेव्हा मी दूध तापत ठेवलं होतं. "मंदा, आक्का गेली," एवढंच ते म्हणाले. मी गॅस बंद केला आणि विचारलं, "तुम्ही काही खाल्लंत का?" असं का विचारलं, मला अजून कळलेलं नाही. भाकरी थापता थापता आक्काच्या छातीत कळ आली आणि खर्ड्याच्या दवाखान्यात पोचायच्या आत सगळं संपलं, हे मागाहून समजलं. मी नगरहून एसटीनं गावाला गेले, बहिणीला शेवटची आंघोळ घातली, दहाव्यापर्यंत राहिले, आल्यागेल्याला चहा केला, परत येऊन शाळेत वर्गावर उभी राहिले. डोळ्यांतून टिपूस नाही. "बाईंचं मन लई घट्ट," भावकीतल्या बायका म्हणाल्या. घट्ट कसलं... आत काही हलतच नव्हतं. आठवड्यांमागून आठवडे गेले, तरी तिचं नाव मी हजेरी घेतल्यासारखं घेत होते.

आक्का माझ्याहून मोठी. आमचे आईवडील ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की गावात ट्रक यायचा आणि आक्काची शाळा सुटायची. मी धाकटी, मला मामांनी ठेवून घेतलं, म्हणून मी शिकले. आक्काला प्रत्येक पुस्तकातले पहिले धडे पाठ होते, शेवटचे तिनं कधी उघडले नाहीत. पुढे लग्न झालं, पुस्तक गेलं आणि हातात कोयता आला, बाकी ट्रक तोच. याचं तिनं कधी रडगाणं गायलं नाही. उलट माझ्या सासूबाईंसमोर मलाच चिमटा काढायची, "आमची मंदा सगळं शिकली, भाकरी तेवढी राह्यली." आणि ते खरंच होतं.

गेल्या उन्हाळ्यात तिनं फोनवर सांगितलं, "मी कॉलेजात नाव घालती." लेक सासरी गेली होती, मुलगा पुण्याला कामाला लागला होता. तालुक्याच्या गावी एक कम्युनिटी कॉलेज निघालंय, तिथं शिवणकामाचा वर्षाचा वर्ग होता. वयाची अट नाही, शिक्षणाची नाही. मी हौसेनं बरोबर गेले. प्रवेशाच्या खिडकीपाशी आक्का, शेजारी धुतलेली टोपी घालून दाजी. आतल्या मॅडमनी नाव विचारलं. आक्कानं आपलं सांगितलं आणि पाठोपाठ दाजींचं.

"यांनाही शिवण शिकायचंय का?"

"न्हाई. पन जोडी हाय ना आमची," आक्का म्हणाली.

मॅडमना काही उमजेना. ऊसतोडीत मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, त्याला कोणी सहजी नेत नाही. आक्काला आजवर कोणी एकटीला मोजलंच नव्हतं. "मावशी, इथं एकेकट्याचाच प्रवेश असतो," मॅडम हसून म्हणाल्या. बाहेर आल्यावर आक्कानं पावतीवरचं नाव बोट ठेवून वाचलं. मग म्हणाली, "एकटीचं नाव लागलं की गं माजं..." तिला आनंद झाला होता की धास्ती वाटली होती, सांगता येणार नाही. दोन्ही असावं.

खरी परीक्षा दसऱ्याला होती. ती हंगामाला गेली नाही तर दाजींनाही जाता येणार नव्हतं, आणि ती गेली तर याही वर्षी शाळा दसऱ्यालाच सुटणार होती. मुकादम दोनदा दारात येऊन बसून गेला. दाजी हो म्हणेनात की नाही म्हणेनात. दसऱ्याला नेहमीसारखी कोयत्यांची पूजा झाली, झेंडूची फुलं वाहिली, आणि दाजींनी दोन्ही कोयते उचलून पत्र्याखाली खोचून ठेवले. "एक साल बघू," म्हणाले. मग गावातच लोकांच्या कांद्यात रोजानं जाऊ लागले. वर्गाच्या दिवशी मात्र आक्काला मोटारसायकलवर न्यायचे आणि वर्ग सुटेपर्यंत बाहेर लिंबाखाली बसायचे. वर्गातल्या पोरी चिडवायच्या, "मावशी, पहारेकरी आलाय तुमचा." "बसू द्या, त्याला एकट्याला करमत न्हाई," आक्का म्हणायची. थंडीत एकदा सकाळीच तिचा फोन आला. "मंदे, आपल्या गावात धुकं पडतं गं! मी आत्ता बघितलं." पन्नाशीला आलेली बाई, आपलं गाव थंडीत कसं दिसतं ते पहिल्यांदा बघत होती. त्याच महिन्यात तिनं दाजींचा सदरा शिवायला घेतला. एक बाही लावून झाली होती...

गेल्या आठवड्यात मी गावी गेले. घराला कडी. शेजारीण म्हणाली, दाजी कॉलेजात गेलेत. बिचारे सवयीनं लिंबाखाली जाऊन बसत असतील, असं मला वाटलं. कॉलेजात पोचले, तर लिंबाखाली कोणी नव्हतं. मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं. दाजी खिडकीपाशी येऊन म्हणाले होते, "तिचं राह्यलंय तेवढं मी वडतो. आमचा कोयता एकच हाय." फडात बाई आजारी पडली की तिच्या वाटणीचा ऊस नवराच तोडतो, त्याला कोणाला विचारावं लागत नाही. एकाचा प्रवेश दुसऱ्याला चालत नाही, हे मॅडमनी परोपरीनं समजावलं. दाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि पुढच्या वर्गाला पुन्हा हजर. आता त्यांना कोणी काही म्हणत नाही.

आक्काच्या मशीनवर ते वाकून बसले होते. पुढ्यात तो एका बाहीचा सदरा. मला बघून म्हणाले, "बरं झालं आलीस. ह्या सुईत दोरा जाईना." मी दोरा ओवून दिला. "आता ही बाही कुठनं धरायची?"

"मला नाही येत, दाजी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी आक्काच्या सुरात म्हणाले, "सगळं शिकली, कामाचं तेवढं राह्यलं."

मला हसू आलं. हसता हसता मी भिंतीला टेकले आणि इतक्या आठवड्यांचं सगळं एकदम बाहेर आलं. पोरी मशीन थांबवून बघत राहिल्या. दाजींनी मान वर केली नाही. हातानं चाक फिरवत ते दुसरी बाही लावत होते.