पुढे गेलेला देश आणि शेडमधला सायेब

धान भरडलं की तांदूळ पोत्यात जातो आणि कोंडा तिथेच साचत राहतो. आमच्या राईस मिलमधल्या गोष्टींचंही तसंच आहे. माल ट्रकमध्ये भरून निघून जातो, आणि चहाच्या वेळी कोण काय बोललं ते मागे उरतं. मी बोलायला लाजतो, त्यामुळे माझ्याकडे ऐकलेलं जास्त साचतं. त्यातलं थोडं आज सांगतो. सगळं आमगावजवळच्या आमच्या मिलमधलं आहे, आणि सगळं इंग्लंडबद्दलचं आहे. हसू नका, खरंच.

*

एका सकाळी शेठजी मोबाईल हातात धरूनच आवारात आले. ते गोंदियाचे, हिंदीतच बोलतात.

"सुनो सब लोग. अपना देश कमाई में इंग्लैंड से आगे निकल गया. जिसने हम पर राज किया, उससे आगे."

लगेच त्यांनी जिलेबी मागवली. फुलनबाई पुढे येऊन बसली. ती आमच्याकडे उकडलेलं धान वाळवायच्या कामावर आहे. मूळची चिचगडकडची, जंगलपट्ट्यातली, आणि शेठजींना न घाबरणारी मिलमधली एकटीच.

"मंग शेठजी, आता आमची मजुरी वाढन का?"

"अरे फुलनबाई, देश आगे गया है. मिल तो वहीं की वहीं है."

"तं मंग हे जिलेबी देशानं धाडली, का तुमी आनली?"

शेठजी हसले आणि तिच्या हातावर आणखी दोन जिलेब्या ठेवल्या.

*

मला मात्र खरंच समजून घ्यायचं होतं. कारण दुसऱ्या दिवशी मोबाईलवर कोणीतरी सांगत होतं, की देश पुढे गेला तरी एकेक माणूस पाहिला तर इंग्लंडचा माणूस आपल्यापेक्षा कितीतरी श्रीमंत आहे. मग आपण पुढे की मागे? मी डोमाजीकाकांना विचारलं. काका आमचे मिस्त्री. मिलमधलं प्रत्येक यंत्र त्यांच्या हाताखालून गेलेलं.

"कामठ्याले माह्या साळ्याच्या पोरीचं लगन झालं, आठवते का?" काका म्हणाले. "भात किती शिजला होता?"

"मोठा गंज भरून. एवढं मोठं पातेलं मी आधी पाहिलं नव्हतं."

"अन् त्याच दिवशी शेजारच्या घरी चार पाव्हने होते. तेथं लहान गंज. आता सांग, पोट कोनाचं जास्त भरलं?"

"पंगत केवढी होती, त्यावर आहे."

"बस. आपला गंज मोठा झाला गा, चांगलंच झालं. पर पंगत बी मोठी हाये. वाढनाऱ्यानं आखरीपावतर गेला पायजे."

हिशेब तिथे संपला. पण त्या पंगतीच्या शेवटी बसलेला माणूस माझ्या डोक्यातून गेला नाही, कारण तो मीच होतो. नववीत शाळा सुटली तेव्हा माझ्यापर्यंत येऊन वाढणारे हे काकाच होते.

*

काकांनी मला शिकवलं ते इंग्लंडच्याच इंजिनावर.

मिलच्या मागच्या शेडमध्ये एक जुनं ऑइल इंजिन आहे. शेठजींच्या आजोबांनी आणलेलं. वीज यायच्या आधी सगळी मिल त्यावर चालायची. अंगावर पितळी पाटी आहे आणि तिच्यावर इंग्लंडच्या एका गावाचं नाव. सगळे त्याला 'सायेब' म्हणतात. आता त्याला काम नाही. पण दसऱ्याला काका त्याला धुतात, हार घालतात आणि हॅंडल मारून थोडा वेळ चालू करतात. फुलनबाई हळदकुंकू लावते आणि दरवर्षी त्याला तेच ऐकवते.

"आमच्यावर लय राज केला. आता बस गप कोपऱ्यात, अन् हार घाल."

मी नवा होतो तेव्हा दिवसदिवस तोंड उघडत नसे. काका मला शेडमध्ये घेऊन गेले आणि म्हणाले, "मानसासंग बोलता येत नसन तं याच्यासंग बोल. हा कोनाले सांगत नाई."

मी बोलायला लागलो. प्रत्येक भाग खोलताना त्याचं नाव मोठ्याने घ्यायचं, बसवताना पुन्हा घ्यायचं. माझी शाळा तिथे परत सुरू झाली. आज नवीन मशीन बिघडलं की मला बोलावतात, ते त्यामुळे.

*

म्हणून शेठजींनी सायेबाला भंगारात काढायचं ठरवलं, तेव्हा मी आधी शेडकडे धावलो. नवीन सॉर्टिंग मशीन येणार होतं आणि जागा हवी होती.

"अब तो हम आगे निकल गए. अंग्रेज का डब्बा काहे को संभालना?" शेठजी म्हणाले.

दुपारी काकांनी जेवणाचा डबा उघडला आणि तसाच बंद केला. मग शेडमध्ये जाऊन सायेबाला तेल दिलं.

"काऊन तेल देऊन राहिले, काका? तो तं जाऊन राहिला," फुलनबाईने विचारलं.

"जानाऱ्याले उपाशी धाडते का?"

*

शेठजींशी आता मीच बोलायचं असं मी ठरवलं. रस्ताभर वाक्य पाठ केलं. केबिनमध्ये गेलो, समोर उभा राहिलो, आणि वाक्य गेलं.

"बोल," शेठजी म्हणाले.

मी टेबलाकडे पाहत राहिलो. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. मी तो प्यालो.

"घर में कुछ काम है क्या? छुट्टी चाहिए? अच्छा, ले ले दो दिन. जा."

बाहेर फुलनबाई वाट पाहत उभी होती. "काय झालं?"

"दोन दिवस सुट्टी मिळाली."

"तुले का सायेबाले?"

*

भंगारवाला पुढच्या आठवड्यात येणार होता. त्याच्या आधीच एक पाहुणे आले. म्हातारे, गोरे, गळ्यात दुर्बीण. इंग्लंडहून आमच्या भागात सारस पक्षी पाहायला आलेले. रस्त्यात त्यांच्या गाईडने जुन्या इंजिनाची गोष्ट काढली, आणि सारस सोडून गाडी थेट मिलमध्ये आली.

पाहुणे खाली वाकले, पितळी पाटीवरून बोट फिरवलं, आणि मग बराच वेळ सरळच झाले नाहीत. गाईड म्हणाला, "ये इनका ही गांव है. इनके पिताजी इसी कारखाने में थे. अब वहां कुछ नहीं है, गाड़ियां खड़ी करते हैं. पूछ रहे हैं, एक बार चालू होगा क्या?"

शेठजींनी खूण केली. काका हॅंडल घ्यायला वळले, तर खुंटीवर हॅंडल नाही. सगळी शेड शोधली. शेवटी फुलनबाई कोंड्याच्या ढिगाकडे गेली, त्यात कोपरापर्यंत हात घातला आणि हॅंडल काढून पदराने पुसलं.

"मले वाटलं, आपलं इंजन वापस न्यायले आला," ती म्हणाली. "तेईची सवय हाये ना नेन्याची."

गाईडने हे भाषांतर केलं नाही.

काकांनी हॅंडल पाहुण्यांच्या हातात दिलं आणि स्वतःचा हात त्यावर ठेवला. दोघांनी मिळून फिरवलं. मी खटका सोडला. सायेब दोनदा खोकला आणि धडधडायला लागला. पाहुण्यांनी डोळे मिटून घेतले. बंद झाल्यावर ते गाईडशी हळू आवाजात काहीतरी बोलले.

"खरीदना चाहते हैं. जो बोलो, देंगे."

काका जमिनीकडे पाहत होते. शेठजींनी पाटीकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे वळले.

"तू उस दिन छुट्टी मांगने नहीं आया था ना?"

"नाही," मी म्हणालो. नंतर फुलनबाई म्हणाली, अख्ख्या मिलला ऐकू गेलं.

शेठजींनी सदरा नीट केला. "साहब को बोलो, नहीं बेचेंगे. अब तो हम आगे निकल गए. घर की चीज़ काहे को बेचना? सुनना हो तो हर साल आ जाओ. नई मशीन सामने के शेड में बैठेगी."

गाईडने सांगितलं. पाहुण्यांनी काकांचा तेलकट हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

ते गाडीकडे निघाले, तेवढ्यात फुलनबाईने त्यांना थांबवलं. नव्या तांदळाच्या दिवसांत आमच्याकडे पाहुण्याला रिकाम्या हाताने धाडत नाहीत. तिने लुगड्याच्या धडप्यात ताजा तांदूळ बांधून आणला होता. ती पुरचुंडी तिने त्यांच्यापुढे धरली.

"घेऊन जा, बापा. तुमच्याकडं आता कमी झालं म्हनते."

गाईडने शेठजींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. या वेळी त्याने शब्दन् शब्द सांगितला.

पाहुण्यांनी ऐकून घेतलं. मान हलवून "येस" म्हणाले, आणि पुरचुंडी दोन्ही हातांनी घेतली.