कवचाच्या कडेवरचा उंचवटा

आमचे हे डेंटर. गाडीचा चेपलेला पत्रा ठोकून सरळ करायचा आणि मग डोळे मिटून, नुसती बोटं फिरवून तपासायचा, ही ह्यांची पद्धत. "डोळे फसवतात, बोटं नाही," हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत. कामात नाकावर माशी बसू देत नाहीत. घरात मात्र कपाळावरचा चष्मा घरभर शोधतात.

मागच्या आठवड्यात एका निवृत्त मास्तरांनी त्यांची जुनी गाडी आणली. तिच्या इंजिनात पाणी नसतं, ते वाऱ्यावरच थंड होतं. पंख्याचा वारा इकडेतिकडे न जाता इंजिनावरून फिरावा म्हणून भोवती पत्र्याचं कवच असतं. ते गंजून फाटलं होतं. त्याची कड नीट बसली नाही, तर गरम हवा फटीतून पुन्हा आत येते आणि इंजिन वाटेतच जळतं. मास्तर त्याच गाडीतून बायकोला घेऊन घाटापलीकडे लेकीकडे जाणार होते.

दुपारी मी डबा घेऊन गॅरेजात गेले, तेव्हा वेल्डिंग नुकतंच झालं होतं. कवच चाचपत हे बसले होते. करपल्यासारखा वास आला. बघते तर तापलेल्या पत्र्यावर ह्यांचं बोट! मी हात ओढला. बोटाचं टोक पांढरं पडलं होतं.

"अहो, चटका नाही बसला?"

"नाही." मग खाली बघत म्हणाले, "दोन महिने झाले. बोटं बधिर झालीत. कुणाला सांगू नकोस."

दोन महिने हा माणूस अंदाजपंचे ठोकत होता! भांडायचं सोडून मी ह्यांचं बोट गार पाण्यात बुडवलं. इतकं घाबरलेलं मी ह्यांना कधी पाहिलं नव्हतं.

पत्रा निवल्यावर म्हणाले, "तू बघ गं. डोळे मीट आणि कडेवरून हात फिरव."

"मला काय कळतंय त्यातलं, डोंबल!"

"फिरव."

फिरवला. एके ठिकाणी बोट अडलं. मोहरीएवढा उंचवटा. 'गुळगुळीत आहे' म्हणून मोकळं व्हावं, असं फार वाटलं. पण घाटात गाडीत बसलेली मास्तरांची बायको डोळ्यांपुढे आली.

"इथे आहे," मी म्हणाले.

त्यांनी तिथे आपलं बोट ठेवलं, दाबलं, पुन्हा दाबलं. "मला नाही लागत." मग पत्र्याखाली लोखंडी ठोकळा धरला आणि हातोडी उचलली.

"बोट शेजारीच ठेव. उंचवटा बसला की सांग."

मी डोळे मिटले आणि बोट तिथेच ठेवलं.