दोन ड्रायव्हरांची समजूत

जगातला कुठलाही बिघाड समजुतीने मिटतो, यावर पक्की श्रद्धा असलेला एकच माणूस मी पाहिला आणि तो नेमका माझा साडू निघाला. भूकंपानंतर गाव पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतं, तेव्हा नळावरची भांडणं हेच मिटवत. दोन्ही बाजूंना सतरंजीवर बसवायचं, चहा पाजायचा आणि कुणालाच चूक म्हणायचं नाही. पुढे लातुरात गल्लोगल्ली क्लासेस निघाले, घरोघर कॉम्प्युटर आले, तसे हे ते दुरुस्त करू लागले. पण पद्धत तीच. प्रिंटर अडला की "दमलाय तो, बसू द्या जरा," म्हणून स्वतःच चहा मागवायचे.

माझी लेक त्यांच्याकडे राहून डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करत होती. काविळीत तिचे तीन आठवडे बुडाले, म्हणून क्लासच्या सरांनी बुडालेल्या धड्यांची सीडी दिली. रविवारी त्यावरच टेस्ट, आणि तिच्यावरून बॅच ठरणार. शनिवारी मी नांदेडहून पोचलो. आवाज बारीक येतोय म्हणून घरून सोबत आणलेली ड्रायव्हरची, म्हणजे आवाज चालवणाऱ्या प्रोग्रॅमची, सीडी घातली आणि कॉम्प्युटर जे जे विचारेल त्याला जावयाच्या थाटात 'यस' म्हणत गेलो. आवाज साफ बंद. सर पडद्यावर नुसते हातवारे करत राहिले.

साडूंनी सतरंजी टाकून कॉम्प्युटर खाली घेतला. "पाव्हणं, आवाजाचा एक कारभारी आत होता, तुम्ही दुसरा आणून बसवला. दोघंबी म्हणतेत, मीच बोलणार. म्हणून कुणीच बोलंना."

"मग एकाला काढून टाका की!"

"आसं कसं? त्यानं काय गुन्हा केलाय? रजेवर पाठवू."

मशीन पुन्हा चालू केलं की रजेवर पाठवलेला हजर. मग दुसऱ्याला रजा. तोही हजर. चार चहा झाले, दुपार कलली. लेक कोरी वही घेऊन बसलेली. शेवटी खालच्या आवाजात म्हणाली, "काका, उद्या सकाळी टेस्ट आहे. खालच्या बॅचला टाकतील मला."

साडूंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आणि मी बसवलेला ड्रायव्हर मुळापासून काढून टाकला. मशीन चालू झालं, आणि सरांचा आवाज असा फुटला की शेजारीण कोण भांडतंय ते बघायला दारात आली.

"जमलं की हो! शेवटी हाकललाच ना?" मी टाळी द्यायला हात पुढे केला.

त्यांनी टाळी दिली नाही. "लई वाईट वाटलं पाव्हणं. नांदेडहून आला बिचारा, एक शब्द बोलायला मिळाला न्हाई. चांगला होता हो तोबी. जागाच एक होती."

यावर चेष्टा करायला मी तोंड उघडलं होतं. समोर लेक मान खाली घालून भराभर लिहीत होती. खिडकीबाहेर एक क्लास सुटला होता. किनवटची, निलंग्याची, धर्माबादची, कुठकुठली, त्याच परीक्षेला बसणारी पोरं पाठीवर दप्तरं घेऊन सायकली हाणत पुढच्या क्लासला निघाली होती. संपता संपेनात. मी उठून खिडकी हळूच लावून घेतली.