अंतर कळेना, तर थांब

मधू गेल्याचा दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी श्रीवर्धनच्या आमच्या वाडीत सुपाऱ्या वाळत घालत होते. "काहीतरी बोलू नका!" असं मी फोनवरच खेकसले. माझा हा आतेभाऊ, पन्नाशीही गाठली नव्हती मेल्याने, आणि हृदयाने दगा दिला. महिना होऊन गेला, माझा राग काही जात नाही...

नव्या मुंबईतली चांगली नोकरी सोडून तो इथे आला तो एका यंत्रापायी. त्या यंत्राने पोफळीवर आपलं आपण चढायचं आणि पिकलेला सुपारीचा घड कोयत्याने कापायचा. मधूचा सगळा जीव त्यातल्या कॅमेऱ्यात. साध्या कॅमेऱ्याला नुसता रंग कळतो, ह्याला अंतरही कळायचं. डोळ्यांना न दिसणारा उजेड सोडायचा, आणि तो आपटून परत यायला किती वेळ लागतो त्यावरून वस्तू किती लांब ते ओळखायचा. शेंदरी घड ह्या झाडाचा की मागच्या, हे त्याला बरोबर समजायचं.

यंत्र विकत घेणारे दुसऱ्या दिवशी यायचे होते, म्हणून त्या दुपारी शेवटची चाचणी. शेजारच्या पोफळीवर आमचा गणपत सुपारी काढत होता. आमच्याकडे काढणारा दर झाडाला खाली उतरत नाही, शेंड्यावरून झोका घेऊन पुढचं झाड धरतो. मधूला हे लहानपणापासून ठाऊक, म्हणूनच यंत्राला सांगायचं राहिलं! गणपत झोका घेऊन नेमका यंत्राच्या झाडावर आला, डोक्याला शेंदरी फडकं. तेवढ्यात ऊन थेट कॅमेऱ्यात शिरलं. उन्हात तो उजेड हरवतो. खाली आमच्यासमोरच्या पडद्यावर अंतराच्या जागी नुसता काळा डाग, आणि अंतर कळलं नाही तर रंगावर भरवसा ठेव, असं मधूनेच त्याला शिकवलेलं. कोयता वळला. "गणपत, मान खाली!" मधू ओरडला आणि त्याने यंत्राची वायर हिसकली. कोयता फडक्याला टेकून थांबला.

"काय रं मधूदादा," वरून आवाज आला, "माजी मुंडी पिकली वाटली व्हय तुला?"

मी हसता हसता रडायलाच लागले.

"उद्या सकाळीच दाखव, ऊन नसतं. कुणाला कळतंय?" मी मधूला म्हटलं.

"गणपतला कळलंय ना," तो म्हणाला.

त्याने नियम बदलला. अंतर कळलं नाही, की थांबायचं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी पाहुण्यांसमोर यंत्र सारखं अडलं. ते हसले, चहा प्यायले आणि गेले ते गेलेच. नोकरीही गेली, यंत्रही पडून राहिलं. "हात दाखवून अवलक्षण!" मी चिडून म्हटलं.

परवा मीच ते यंत्र झाडावर चढवलं. ऊन वर आलं आणि ते घडापाशी अडून बसलं. गणपत शेजारून झोका घेऊन आला, उगारलेल्या कोयत्याखाली खुशाल मान घालून घड तोडू लागला. मी खालून ओरडले.

"अरे, बाजूला हो आधी!"

"ऱ्हाऊ दे ताई," तो म्हणाला, "मधूदादा थांबलाय."